सहा फुटांवरचा माणूस, छोटी मियाटा आणि ट्रॅकचा पहिला दिवस

माझी उंची सहा फूट तीन इंच. पहिल्या ट्रॅक-डेला, म्हणजे आपली गाडी रेसच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेहून पहाटे साडेतीनला निघालो आणि उजाडता उजाडता विलोजजवळच्या थंडरहिल ट्रॅकवर पोचलो. तपासणीच्या रांगेत माझा नंबर आला. पट्टा लावून, हेल्मेट घालून मी गाडीत बसलो होतो. तपासनिसाने एक सरळ काठी माझ्या मियाटावर लांबीच्या दिशेने ठेवली: एक टोक मागच्या रोल बारवर (गाडी उलटली तर डोकं वाचवणारी सीटमागची पोलादी कमान), दुसरं पुढच्या काचेच्या चौकटीवर. निदान तसा त्याचा प्रयत्न होता. काठी माझ्या हेल्मेटवर टेकली आणि पुढचं टोक हवेत राहिलं. तो शांतपणे म्हणाला, "आज या गाडीतून नाही जाता येणार."

तो दिवस मी कुंपणापाशी उभं राहून इतरांच्या गाड्या पाहण्यात घालवला. वाईट वाटलं, पण त्याचं बरोबर होतं. उघडी गाडी उलटली तर जमीन आणि डोकं यांच्यामध्ये त्या दोन टोकांशिवाय काही नसतं. नंतर वर्षभर खटपट करून मी त्याच गाडीत नियमात बसलो. आता ओळखीपाळखीतून कोणी ना कोणी विचारतं, "मियाटा घेतोय, पण मी उंच आहे, जमेल का?" बहुतेकांना जमतं. फक्त कामाचा क्रम चुकवू नका. मी तो चुकवला आणि दोनदा पैसे घातले.

माझा अनुभव अमेरिकेतल्या माझदा मियाटाचा, म्हणजे एमएक्स-५ चा आहे. दुसरी कुठलीही छोटी उघडी गाडी असली तरी हिशोब हाच.

१. उभी उंची विसरा, बसती उंची मोजा

सहा फूट दोन इंचांचे दोघे मित्र माझ्या गाडीत बसून गेले. एकाच्या डोक्यावर चार बोटं जागा उरली, दुसऱ्याचं डोकं कापडी टपाला लागलं. पहिल्याचे पाय लांब, दुसऱ्याचं धड लांब. लांब पायांवर उपाय सोपे असतात. लांब धड हाच खरा प्रश्न.

जमिनीवर भिंतीला पाठ टेकून ताठ बसा. लहानपणी दाराच्या चौकटीवर उंची मोजायचो तसं डोक्यावर जाड पुस्तक आडवं ठेवून कोणाला तरी भिंतीवर पेन्सिलीची खूण करायला सांगा. माझ्या मुलीने ती केली आणि शेजारी तारीखही घातली. मग हेल्मेट घालून पुन्हा मोजा. हेल्मेट साधारण दीड ते दोन इंच वाढवतं, आणि तेच इंच आपल्याला बाहेर काढतात. हे दोन आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. पुढे रोल बारवाल्याशी, सीटवाल्याशी बोलताना हेच लागतात.

यासाठी हेल्मेट आधी घ्यावं लागतं आणि ते योग्य घ्यावं लागतं. लेबलवर स्नेल एसए (स्नेल ही हेल्मेटची मानकं ठरवणारी संस्था) असं लिहिलेलं हवं, एसए२०२० किंवा एसए२०२५. एम लिहिलेलं हेल्मेट मोटरसायकलचं असतं. एसए हेल्मेटची आगीसाठी आणि रोल बारवर डोकं आदळण्यासाठी वेगळी चाचणी होते, आपल्याला नेमकं तेच हवं. उंच माणसाने दोन-तीन कंपन्यांची हेल्मेटं घालून पाहावीत. वरच्या कवचाची जाडी सगळ्यांची सारखी नसते, आणि इथे अर्धा इंचसुद्धा मोलाचा आहे.

२. काठीची कसोटी नीट समजून घ्या

अमेरिकेत हिला झाडूच्या दांड्याची चाचणी म्हणतात. रोल बारचा माथा आणि काचेच्या चौकटीचा माथा जोडणारी सरळ रेषा कल्पा. हेल्मेट त्या रेषेच्या खाली हवं. ट्रॅक-डे भरवणारे काही क्लब नुसतं 'खाली' म्हणतात, बरेच क्लब दोन इंच खाली मागतात. पट्टा कितीही आवळला तरी गाडी उलटी झाल्यावर शरीर सीटमधून थोडं उचललं जातं. ती जागा म्हणजे हे दोन इंच.

या रेषेची भूमिती समजली की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. समजा बार आणि चौकट यांच्यात ४० इंच अंतर आहे आणि तुमचं डोकं बारच्या पुढे १० इंचांवर आहे. बार दोन इंच उंच घेतला तर डोक्यापाशी रेषा दीड इंच वर जाते. सीट दोन इंच खाली घेतली तर पूर्ण दोन इंच मिळतात. सीट मागे सरकवली तरी थोडा फायदा होतो, कारण रेषा मागे चढत जाते. मात्र बारच्या फार जवळ गेलं की मागून धक्का बसल्यावर डोकं त्यावर आदळायची भीती. म्हणून पहिला उपाय नेहमी खाली, दुसरा बार उंच, आणि मागे सरकणं सगळ्यात शेवटी.

आणखी एक गोष्ट मनात असू द्या. रेषेचं मागचं टोक पक्क्या नळीवर आहे, पुढचं मात्र काचेच्या चौकटीवर, आणि गाडीचं वजन पडलं तर ती चौकट दबू शकते. म्हणून क्लबने दोन इंच मागितले नसले तरी तुम्ही ते ठेवा.

घरी ही कसोटी पाहताना चार-पाच फुटांची सरळ लाकडी पट्टी घ्या. वाकडी काठी खोटं बोलते. पट्टा आवळलेला, पाठ सीटला पूर्ण टेकलेली, हात स्टिअरिंगवर आणि मान गाडी चालवताना असते तशी. मी कितीतरी लोक तपासणीपुरते खाली घसरून बसताना पाहिलेत. काठी पार होते, शिक्का मिळतो, आणि पहिल्या वळणाच्या आधी माणूस पुन्हा ताठ बसतो, कारण त्याशिवाय समोरचं दिसत नाही. हे कृपा करून करू नका. तपासनिसाला फसवलं असं वाटतं, पण डोकं आपलंच असतं.

३. कोणती पिढी घ्यावी

मियाटा १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या मोटर शोमध्ये पहिल्यांदा दिसली. तेव्हापासून तिच्या चार पिढ्या झाल्या, आणि चाहते त्यांना एनए, एनबी, एनसी, एनडी म्हणतात.

एनए (१९९० ते १९९७ ची मॉडेलं) आणि एनबी (१९९९ ते २००५) हलक्या आणि दुरुस्तीला सोप्या. रोल बार, सीट, ब्रॅकेट यांचे सगळ्यात जास्त पर्याय याच दोघींना मिळतात. पण आत जागा कमी आणि स्टिअरिंग वर-खाली होत नाही. एनसी (२००६ ते २०१५) आतून मोठी आणि स्टिअरिंग वर-खाली होतं. उंच माणसाने कमीत कमी खटपटीत बसायचं असेल तर माझं मत एनसीला. एनडीमध्ये (२०१६ पासून) २०१९ च्या मॉडेलपासून स्टिअरिंग पुढे-मागेही होतं, ते लांब पायवाल्यांना वरदान आहे. पण तिच्या सीटमध्ये जाड फोमच्या जागी ताणलेली जाळी आहे, त्यामुळे फोम कापून खाली बसायची युक्ती तिथे फारशी चालत नाही.

एनसी आणि एनडीच्या सीटमध्ये बाजूच्या एअरबॅग असतात. सीट काढण्याआधी बॅटरीची तार सोडा आणि किती वेळ थांबायचं ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. एअरबॅगच्या तारेचा जोड सुटा ठेवून गाडी चालू केली की एअरबॅगचा दिवा लागून राहतो.

घेण्याआधी गाडीत किमान वीस मिनिटं बसा, हेल्मेट सोबत न्या. विकणारा चमकून बघेल, बघू दे.

४. रोल बार: सीटच्या आधी ठरवा

मी आधी सीट घेतली आणि नंतर बार. दोन्ही बसवल्यावर कळलं की सीटची पाठ बारच्या तिरक्या नळीला अडते आणि सीट मागे जातच नाही. ती सीट तोट्यात विकावी लागली. म्हणून आधी बार.

उंच माणसासाठी बार निवडताना मी पुढच्या गोष्टी पाहिल्या:

- बारचा माथा किती उंच आहे. काही कंपन्या उंच चालकांसाठी मुद्दाम वेगळा बार बनवतात. त्यासोबत कापडी टप बंद होतं का हे विचारा, प्रत्येक बारसोबत होत नाही.
- मधे तिरकी नळी आहे का. बऱ्याच क्लबांचा तसा आग्रह असतो. ती सीटच्या पाठीला कुठे अडेल हे आधीच मोजा.
- खांद्याचे पट्टे बांधायला आडवी नळी आहे का, आणि ती तुमच्या खांद्यांच्या मानाने कुठे येते.

दिसायला बारसारख्या पण नुसत्या शोभेच्या चकचकीत नळ्या मिळतात, त्यांना स्टाइल बार म्हणतात. फक्त पट्टे अडकवायला दोन बाजूंना जोडलेली आडवी नळीही मिळते, तिला हार्नेस बार म्हणतात. गाडी उलटली तर यातलं एकही तुम्हाला वाचवत नाही. एनसी-एनडीच्या सीटमागे कारखान्यातूनच आलेल्या कमानी काही क्लब मान्य करतात, काही करत नाहीत. शिवाय आपल्या उंचीला त्या बहुधा कमीच पडतात.

डोकं पोचेल तिथे नळीवर कडक पॅडिंग हवंच, एसएफआय ४५.१ असं लिहिलेलं (एसएफआय ही रेसच्या सुरक्षा सामानाची मानकं ठरवणारी संस्था). नळावर चढवतात तसला मऊ फोम बोटाने दाबला की लगेच बसतो, डोक्याच्या धक्क्यापुढे तो काहीच नाही. आणि हे फक्त ट्रॅकचं नाही. रोज याच गाडीने ऑफिसला जात असाल तर तेव्हा डोक्यावर हेल्मेट नसतं आणि मागे पोलादी नळी असते.

५. सीट: इथे सगळ्यात जास्त इंच मिळतात

दोन मार्ग आहेत.

पहिला, मूळ सीटचा फोम कापणे. एनए-एनबीत हा जवळजवळ फुकटचा उपाय आहे. चार बोल्ट १४ च्या पान्याने सोडा, सीटखालचा बकलच्या तारेचा जोड काढा (काही एनए गाड्यांत डोक्याच्या उशीत स्पीकर असतात, त्यांच्याही तारा), आणि सीट उचलून बाहेर घ्या. बसायच्या भागाचं आवरण तारेच्या छोट्या कड्यांनी बांधलेलं असतं. त्या पकडीने तोडा, परत बांधताना झिप टाय वापरा. मग फोम उलटा करा आणि खालच्या बाजूने कापा. वरून कापलात तर बसायचा आकारच जातो.

मी गॅरेजमध्ये जमिनीवर जुनी चादर पसरून पाव कापायची लांब दातेरी सुरी घेतली. पहिल्यांदा अर्ध्या इंचाचा थर काढला, सीट परत लावली, बसून पट्टीने पाहिलं. मग आणखी अर्धा इंच. असं तीनदा केलं. शनिवारची पूर्ण दुपार गेली, पण कापलेला फोम परत चिकटत नाही, त्यामुळे हाच वेग बरा. पिवळट चुरा केसांत, दाढीत, चहाच्या कपात, सगळीकडे होता. शेवटी दीड इंच मिळाला. मांडीखालचा पुढचा भाग मी तसाच ठेवला. त्यामुळे गुडघे उचललेले राहतात, आणि ब्रेक दाबताना शरीर पट्ट्याखालून पुढे घसरत नाही.

सगळा फोम काढून थेट पत्र्यावर बसू नका. एक इंच तरी राहू द्या. चाक खाली आपटलं की तो धक्का सरळ मणक्यात जातो.

दुसरा मार्ग बकेट सीटचा: सरकपट्ट्या काढून, न सरकणारी सीट थेट जमिनीलगत बसवणे. माझ्यासारख्याला यानेच नियमात बसवलं. फोम कापूनही माझं हेल्मेट रेषेला टेकतच होतं, बकेटने आणखी दीड इंच खाली नेलं. यात तीन गोष्टी जपा. एक, रुंदी: मियाटात दार आणि मधला बोगदा (दोन सीटच्या मधे जमिनीचा उंच उठलेला भाग) यांच्यात जागा इतकी कमी की रुंद सीट शिरतच नाही, म्हणून सीटच्या सगळ्यात रुंद भागाचं माप घ्या. दोन, खांद्यांची भोकं: पट्ट्याची भोकं खांद्याच्या बरोबरीने किंवा किंचित वर हवीत. लांब धडाच्या माणसाला बऱ्याच सीटची भोकं खाली पडतात, मग पट्टा खांदे खाली ओढतो आणि अपघातात तो भार मणक्यावर येतो. तीन, जोडणी: सीट फक्त पातळ पत्र्याला बोल्टने अडकवायची नाही. खाली मोठी जाड पट्टी लागते, नाहीतर बोल्ट पत्र्यातून ओढून निघतो. हे काम स्वतःला येत नसेल तर रेसच्या गाड्या बनवणाऱ्याकडून करून घ्या. इथले पैसे वाचवू नका.

पाठ किती कलती ठेवायची? ॲल्युमिनियमच्या सीट १०, १५, २० अंशांच्या कलात मिळतात. थोडा कल उंची कमी करतो, पण सीट आरामखुर्चीसारखी मागे पाडून काठी पार करणं हा सापळा आहे. मान पुढे काढून बघावं लागतं, हात ताणले जातात, आणि धडकेत शरीर कमरेच्या पट्ट्याखालून सटकतं.

६. पट्टे

मूळ सीट असेल तर गाडीचा मूळ तीन टोकांचा पट्टाच ठेवा. हार्नेस, म्हणजे दोन्ही खांदे आणि कंबर बांधणारा रेसचा पट्टा, हवा असेल तर रोल बार, बकेट सीट आणि हार्नेस हे तिन्ही एकत्र. रोल बारशिवाय हार्नेस धोक्याचा आहे: गाडी उलटली तर साध्या पट्ट्यात शरीर बाजूला झुकू शकतं, हार्नेस मात्र तुम्हाला खांबासारखं ताठ धरून ठेवतो.

पायांमधून येणारे पट्टे असलेला सहा टोकी हार्नेस घ्या. चार टोकीत कमरेचा पट्टा पोटावर चढतो. खांद्याचे पट्टे मागे आडवे किंवा किंचित खाली जावेत, वीस अंशांपेक्षा जास्त नको. मागच्या जमिनीला बांधलेले पट्टे फार खाली जातात आणि पुन्हा मणकाच दाबतात. लेबलवरची तारीख पाहा. एसएफआयचे पट्टे दोन वर्षांत बाद होतात, म्हणून स्वस्तात मिळालेला जुना हार्नेस बहुतेक वेळा तपासणीतच अडकतो.

हार्नेससोबत मान धरणारं हान्स उपकरण घ्या. ते वेगवेगळ्या अंशांत येतं: २० अंशांचं ताठ सीटसाठी, ३० चं कलत्या सीटसाठी.

७. स्टिअरिंग, गुडघे, बूट

सीट खाली आणि मागे गेली की स्टिअरिंग दूर आणि उंच वाटायला लागतं. पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर पडायला हवं. नाही पडलं तर सीट पुढे घ्या, नाहीतर स्टिअरिंग जवळ आणा.

मग इंजिन बंद ठेवून ही चाचणी करा: उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पटकन न्या, वीस वेळा. त्याच वेळी स्टिअरिंग अर्धा फेरा डावीकडे, अर्धा उजवीकडे. गुडघा एकदाही कडेला अडकला तर तशी गाडी ट्रॅकवर न्यायची नाही. एनएमध्ये काच उतरवायचं हँडल डाव्या गुडघ्याला टोचतं, ते काढून ठेवता येतं.

छोटं, खालून चपटं स्टिअरिंग लावलं की मांडीला जागा होते, पण त्यात एअरबॅग जाते. माझं मत स्पष्ट आहे: तीन टोकी पट्टा असेपर्यंत एअरबॅग काढू नये. फक्त ट्रॅकवर जाणारी, हार्नेस आणि बकेट सीटची गाडी असेल तरच तो विचार करा.

बूट पातळ तळाचे, अरुंद. माझ्या बारा नंबरच्या रुंद बुटाने एकदा ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही एकदम दाबले होते. त्या दिवसापासून त्या बुटांना गाडीत जागा नाही.

उंच माणसाच्या डोळ्यांसमोर काचेची वरची चौकट येते, उन्हाची झडपही. झडप काढून ठेवा. खाली बसल्यावर हा त्रास बराचसा आपोआप जातो.

८. आदल्या रात्री पिशवीत काय हवं

- चालू असलेलं ड्रायव्हिंग लायसन्स
- क्लबचा गाडी-तपासणी फॉर्म, भरलेला आणि सही केलेला
- लेबल वाचता येईल असं हेल्मेट
- सरळ लाकडी पट्टी, मोजपट्टी, टॉर्क पाना
- पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, पाणी, टोपी (थंडरहिलला उन्हाळ्यात सावली शोधावी लागते)

रोजचा विमा ट्रॅकवरचं नुकसान बहुधा भरत नाही. पॉलिसी वाचा, आणि लागल्यास त्या दिवसापुरता वेगळा विमा घ्या.

क्लबला आठवडाभर आधी ईमेल करा: तुमची गाडी, रोल बार, उंची आणि हेल्मेट रेषेखाली किती इंच आहे. पट्टी ठेवून बाजूने काढलेला फोटो जोडा. टप उघडं की बंद, हात बाहेर जाऊ नयेत म्हणून दोऱ्या लागतात का, मागच्या कमानी चालतील का, याची उत्तरं प्रत्येक क्लबची वेगळी असतात, आणि ती लेखी हाताशी असली की सकाळी वाद होत नाही.

दुसऱ्या खेपेला मी तसाच फोटो पाठवला होता. त्याच तपासनिसाने काठी ठेवली, हेल्मेट आणि काठीच्या मधे दोन बोटं घालून पाहिली, बोटं आरपार गेली, आणि त्याने काचेवर हिरवा स्टिकर लावला.